रिफ्युजियममधला किटो वाढत नाही, पांढरा पडतो, विरघळतो: तपासणी कुठून सुरू करायची

रिफ्युजियम म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला जोडलेला, शैवाल वाढवायचा वेगळा कप्पा; तिथलं शैवाल पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतं. आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते ठरवा, कारण पुढची अर्धी तपासणी त्यावरच वाचते.

– किटोचा (किटोमॉर्फा शैवालाचा) रंग उतरलाय. गडद हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पांढुरका. उचलला की तुकडे पडतात.
– रंग बरा आहे, पण गोळा महिनाभर तेवढाच, आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) खाली यायला तयार नाही.
– वरून हिरवा, आतून तपकिरी. दाबला की गढूळ पाणी निघतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.
– तंतूंवर लालसर किंवा तपकिरी बुळबुळीत थर, नाहीतर मऊ केसाळ शैवाल त्याच्याच अंगावर चढलंय.
– किटो जोरात वाढतोय, तरी नायट्रेटचा आकडा हलत नाही.
– कालपर्यंत ठीक होता, दोन दिवसांत वितळला.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या खाऱ्या टाक्या सांभाळणं हे माझं काम, आणि मार्च लागला की या तक्रारींचे फोन सुरू होतात. दुकानात या सगळ्यांवर एकच उत्तर मिळतं: लाइट बदला. लाइट माझ्या यादीत बराच खाली आहे. त्याआधीच्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा दोन-चारशे रुपयांत तपासून होतात आणि बहुतेक टाक्या तिथेच दुरुस्त होतात.

आकडे देतोय ते नुसत्या माशांच्या टाकीसाठी. कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे प्रवाळाच्या टाकीचं काम मी घेतच नाही. माशांच्या टाकीला नायट्रेट ५ ते २० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.२ पीपीएम असलं तर चांगलं. शून्य नको. का नको, ते पुढे येतंच.

१. हाताने बघा (फुकट)

हात धुऊन, साबणाचा अंश राहू न देता, गोळा उचला. निरोगी किटो हाताला खरखरीत लागतो, तंतू ताठ असतात, वास समुद्राचा येतो. आता गोळा उलगडून मधला भाग बघा. तिथे उजेडही पोचत नाही आणि पाणीही फिरत नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य अडकून तिथे सडतं. म्हणजे जे शैवाल घाण काढायला ठेवलं तेच घाणीचं कोठार होतं.

आतला तपकिरी भाग तोडून फेका. उरलेला टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या. नळाखाली धरू नका; गोडं पाणी लागलं की तंतूंच्या पेशी फुगून फुटू शकतात. आणि गोळा परत ठेवताना सैल ठेवा. पाण्याच्या प्रवाहात तो सावकाश लोळत राहिला पाहिजे. लोळत नसेल तर रिटर्नच्या (मुख्य टाकीत पाणी परत नेणाऱ्या) पाइपला एक टी लावून थोडं पाणी तिकडे वळवा, किंवा लहान पंप टाका. स्थिर पाण्यात तंतूंच्या लगतचं नायट्रेट संपतं आणि दोन बोटांवरच्या पाण्यात भरपूर असूनही शैवाल उपाशी राहतं.

२. टायमरचं घड्याळ (फुकट)

हे कुणी बघत नाही. रिफ्युजियमचा दिवा आपण रात्री चालवतो, कारण मुख्य टाकीचा दिवा बंद झाल्यावर मासे, जिवाणू सगळे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्या वेळी शैवाल उजेडात असलं तर तो वायू ते ओढून घेतं. शिवाय आपल्याकडे रात्री हवा निवते, दिव्याची उष्णता त्यातल्या त्यात कमी जाचते.

आता टायमर बघा. बहुतेकांकडे गोल तबकडीचा, कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असलेला स्वस्त टायमर असतो. वीज गेली की तबकडी थांबते. तीन तास वीज गेली, टायमर तीन तास मागे. वीज आल्यावर तो थांबला तिथूनच पुढे चालतो. उन्हाळ्यात असं आठवड्यातून चार वेळा झालं की रात्री आठला लागणारा दिवा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लागतो. भर दिवसा, मुख्य दिव्याच्या जोडीला. मालक रात्री बघतो, दिवा बंद. त्याला वाटतं बल्ब गेला. तो नवा आणतो.

तबकडीवरचा बाण आणि मोबाइलवरची वेळ जुळवून बघा. कायमचा इलाज म्हणजे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर. दिवा रोज १२ ते १४ तास पुरे. चोवीस तास ठेवून वाढ दुप्पट होत नाही.

३. दुपारी चारचं तापमान (थर्मामीटरचे पैसे)

सकाळी बघितलेलं तापमान खरं, पण कामाचं नाही. मे महिन्यात बाहेर ४४–४५ अंश असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीतली टाकी चार-पाच वाजता सर्वांत तापते. त्या वेळी मोजा, आणि मुख्य टाकीत मोजू नका, खालच्या संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या, पंप आणि किटो असलेल्या दुसऱ्या टाकीत), दिव्याखाली मोजा. किटोला २४ ते २७ अंश मानवतं. ३० च्या वर रोजचे काही तास गेले की वाढ थांबते, आणि त्याच वेळी बुळबुळीत लाल थराचं फावतं. एका रात्रीत वितळलेला किटो मी बघितलाय तो बहुतेक वेळा वीज जाऊन तापलेल्या, पंप बंद पडलेल्या संपमध्ये. अंधारात शैवालही श्वास घेतं, प्राणवायू खातं. साठलेल्या कोमट पाण्यात तो लवकर संपतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर सगळ्यांत आधी रिटर्न पंप घ्या, दिवा नंतर.

थंड करायला चिलरच पाहिजे असं नाही. या बाबतीत खानदेश मुंबईपेक्षा बरा. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला साधा छोटा पंखा बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तेच काम अर्धंही होत नाही. मात्र खोली बंद करून डेझर्ट कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण जातो. खिडकी फटभर उघडी ठेवा. पावसाळ्यात पंख्याचा परिणाम कमी होतो, पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

४. खारटपणा

पंखा लावला की पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला चार-पाच लिटर जाणं नेहमीचं. दोन दिवस गावाला गेलात की खारटपणा ३५ पीपीटीवरून (हजारात ३५ भाग मीठ) दीड-पावणेदोनने वर, परत येऊन एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं की तेवढाच खाली. किटो ३० ते ३६ पर्यंत कुठेही जगतो. त्याला असे झटके सोसत नाहीत. रोजचं रोज भरा, जमलं तर फ्लोट व्हॉल्व्ह लावा.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर तपासा. शून्याला बरोबर आणि ३५ ला दोनने चुकीचा, असे मीटर पुष्कळ.

५. तुम्ही किटो काढता का?

शेवटून दुसऱ्या लक्षणाचं, म्हणजे वाढतोय पण नायट्रेट हलत नाही, याचं उत्तर बहुधा इथे किंवा सातव्या मुद्द्यात आहे. शैवाल नायट्रेट नष्ट करत नाही, स्वतःच्या अंगात साठवतं. ते अंग टाकीबाहेर गेलं तरच नायट्रेट बाहेर गेलं. गोळा भरगच्च झाला की कडेची वाढ थांबते, आतला भाग कुजतो आणि घेतलेलं सगळं पाण्यात परत येतं.

ढोबळ हिशेब सांगतो. घट्ट पिळलेल्या १०० ग्रॅम किटोत कोरडा माल दहा-एक ग्रॅम. त्यात नायट्रोजन दोन-तीन टक्के, म्हणजे पाव ग्रॅम. नायट्रेटच्या मापात ते साधारण १.१ ग्रॅम. दोनशे लिटरच्या टाकीत एवढ्याने पाच-साडेपाच पीपीएम उतरतात. आठवड्याला मूठभर किटो काढून आपण एवढंच काम करून घेतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दर आठ-पंधरा दिवसांनी तिसरा हिस्सा काढा, अर्ध्यापेक्षा जास्त एकदम नको. काढलेला किटो कुंडीत टाकायचा तर आधी दोन-तीन पाण्यांतून मीठ काढा. नदी-नाल्यात, आणि सुट्टीत मुंबई-कोकणात गेलात तर समुद्रात, अजिबात सोडू नका. १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्यावर मत्स्यालयातून सुटलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचं समुद्री शैवाल सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन् मैल पसरलं.

६. नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही

एकच मोजून काही कळत नाही. किट विकत घेताना नायट्रेटचा आकडा कसला आहे ते वाचा; काही किट नुसत्या नायट्रोजनचा आकडा देतात, त्याला ४.४ ने गुणायचं. द्रव किटच्या बाटलीत तळाला साका बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर खरे ४० असताना ५ दाखवते. आणि किट टाकीखालच्या कपाटात ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे दिवसभर भट्टी असते, रसायनं मुदतीआधीच मरतात.

आकडे हातात आले की असं वाचा:

दोन्ही शून्याच्या आसपास आणि किटो पांढुरका: तो उपाशी आहे. खाद्य वाढवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दिवसातले काही तास बंद ठेवा, दिव्याचे तास कमी करा. उपाशी किटोवर आणखी कडक लाइट लावला तर तो लवकर मरतो. शून्यावर टाकी रेटली की मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी सूक्ष्मजीव) येतात, आणि तो तपकिरी शेंबूड काढण्यापेक्षा २० पीपीएम नायट्रेट परवडलं.

नायट्रेट भरपूर, फॉस्फेट शून्य: फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम, म्हणजे जीएफओ, संपमध्ये चालू आहे का? तो काढा. शैवालाला नायट्रोजनच्या मानाने फॉस्फरस थोडाच लागतो. समुद्री शैवालांच्या अंगात ३० अणू नायट्रोजनमागे एक फॉस्फरस असं साधारण प्रमाण असतं. पण तो एक नसेल तर बाकीचे तीस तसेच पाण्यात पडून राहतात. व्हिनेगर किंवा व्होडका टाकून जिवाणू वाढवत असाल तर तेही याच घासासाठी भांडतात. दोन्हीतलं एक ठेवा.

फॉस्फेट भरपूर, नायट्रेट शून्य: क्वचित दिसतं. गोठवलेलं खाद्य वितळवून त्याच्या पाण्यासकट टाकत असाल तर आधी गाळणीत धुवा.

दोन्ही भरपूर आणि तरी वाढ नाही: पुढे चला.

७. भरायचं पाणी (टीडीएस मीटर)

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भागातली निम्मी अडचण इथे आहे.

"पाणी तं चांगलं हाये भो, आरओचं हाये." हे वाक्य मला प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. मी पेल्यात पाणी घेऊन टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवतो: १२०. घरचा आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. पाणी अगदी सपक लागू नये म्हणून त्यात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) टाळून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. प्यायला ते ठीकच आहे. टाकीला मात्र त्या कच्च्या पाण्यातून बोअरचं सगळं थोडं थोडं मिळतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, किंवा कुठेही खत जोरात पडणाऱ्या शेतांच्या मधल्या बोअरमध्ये, त्यात नायट्रेट असू शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट चालवून घेतं. म्हणजे पाणी "पास" असून त्यात ४५ असू शकतं.

आता मघाचा हिशेब काढा. रोज पाच लिटर पाणी उडतं, ते असल्या बोअरच्या पाण्याने भरलं: ५ गुणिले ४५, म्हणजे दिवसाला २२५ मिलिग्रॅम, आठवड्याला दीड ग्रॅमच्या वर. तुमचा मूठभर किटो काढतो १.१ ग्रॅम. तो बिचारा इमानेइतबारे काम करतोय, आणि तुम्ही त्याच्या मागून बादलीने भरताय. हिवाळ्यात बाष्पीभवन अर्ध्यावर येतं म्हणून तेव्हा हीच टाकी छान चालते आणि मार्चात "बिघडते".

आरओवाल्याकडून तो मिसळण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून घ्या, किंवा मेंब्रेननंतर लगेच टी काढून टाकीसाठी वेगळी नळी घ्या. मेंब्रेननंतर टीडीएस कच्च्या पाण्याच्या मानाने बराच उतरायला हवा. नायट्रेट मेंब्रेनमधून क्षारांपेक्षा सहज निसटतं, म्हणून मागे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) एक टप्पा लावा आणि मीटर शून्य दाखवेल ते पाणी वापरा. रेझिनचा रंग बदलला की बदला. टीडीएस मीटर नायट्रेट मोजत नाही हेही ध्यानात असू द्या. शंका असेल तर भरायच्या पाण्यावरच नायट्रेटची टेस्ट करा. मीठ कालवायलाही हेच पाणी.

८. आता लाइट

इथवर सगळं ठीक निघालं तरच. ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी फ्लडलाइट पाण्यापासून वीतभर वर लावला तरी किटो वाढतो. ४५० आणि ६६० नॅनोमीटरचे निळे-लाल ग्रो लाइट विजेच्या मानाने जास्त काम करतात, पण गुलाबी उजेडात रोगट किटो ओळखता येत नाही, ही त्यांची अडचण. खाऱ्या पाण्याचे तुषार उडून दिव्याच्या काचेवर मीठ साचतं, ते ओल्या फडक्याने पुसा. पुसण्याआधी प्लग काढा. पुष्कळ "कमजोर" दिवे एवढ्यावर बरे होतात. नवा दिवा लावलाच तर पहिला आठवडा सहा तास, मग वाढवत जा.

९. लोह आणि बाकी किरकोळ

नायट्रेट-फॉस्फेट ठीक, तापमान ठीक, लाइट ठीक, तरी किटो पिवळट? केळीच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही: खत भरपूर घातलं तरी लोह कमी पडलं की पान पिवळं पडतं, तसंच. समुद्राच्या पाण्यात लोह अत्यल्प असतं, जोमदार शैवाल ते झटकन संपवतं, आणि घरच्या किटवर इतकं कमी मोजता येत नाही. आधी औषध आणू नका. आठवड्याला १० टक्के पाणी बदला, ताज्या मिठातून लोह, मँगनीज, पोटॅशियम येतं. महिनाभरात फरक नाही पडला तर मग समुद्री टाकीसाठीचं लोहाचं द्रावण, बाटलीवरच्या मात्रेच्या अर्ध्याने. जास्त झालं तर केसाळ शैवाल आधी ते खातं.

केसाळ शैवाल आधीच किटोवर चढलं असेल तर निवडत बसू नका. स्वच्छ दिसणारी मूठ वेगळी काढा, बाकी फेका. पूर्ण गोळा बाद असेल तर नवीन मागवा, पण मेमध्ये पुण्या-मुंबईहून बसच्या डिकीतून दिवसा येणारं पार्सल घेऊ नका. रात्रीच्या गाडीने सांगा. आल्यावर तुमच्या पाण्यात अर्ध्या तासात हळूहळू मिसळवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

संपमध्ये हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा बारीकसा झटका लागला, तर पाण्यातून हात काढा, मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर तडकला किंवा पंपाचं इन्सुलेशन गेलं की खारं पाणी वीज सहज वाहून नेतं. "थोडंसंच लागतं" म्हणून चालवत राहू नका. टाकीच्या लाइनवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, घराची अर्थिंग नीट नसेल, तर तेही त्याच फेरीत करून घ्या.

टाकीत मासे वर येऊन धापा टाकत असतील तर किटोचा विचार सोडा. हवेचा पंप लावा, अमोनिया मोजा, चौथाई पाणी बदला. तासाभरात फरक नसेल तर खाऱ्या टाकीचा जाणकार गाठा. गोड्या पाण्याच्या टाकीवाल्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

टाकीत तांब्याचं औषध किंवा शैवालनाशक पडलं असेल, अगदी मागच्या मालकाच्या हातून, तर नवा किटो आणून पैसे घालवू नका. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, सावकाश सुटत राहतं. आधी ते मोजून घ्या.

किटोऐवजी कॉलर्पा असेल आणि पाणी अचानक दुधाळ हिरवं झालं, तर ते प्रजननात गेलंय. पेशींतलं सगळं पाण्यात सुटतं आणि प्राणवायू झपाट्याने उतरतो. दिसेल तेवढं कॉलर्पा बाहेर काढा, ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, स्किमर जोरात चालवा, आणि मोठी टाकी असेल तर वाट न बघता मदत मागवा.

चिलरचा गॅस, टाकीच्या सिलिकॉनच्या जोडातून पाझर, ही दोन कामं घरी करायची नाहीत.

फोन करण्याआधी दुपारी चारचं तापमान, खारटपणा, नायट्रेट, फॉस्फेट, भरायच्या पाण्याचा टीडीएस हे पाच आकडे कागदावर लिहून ठेवा. आणि किटोचा फोटो पांढऱ्या बशीत, खिडकीच्या उजेडात काढा. ग्रो लाइटखाली काढलेल्या फोटोत मेलेला आणि जिवंत सारखाच काळा दिसतो.